माशीमाऱ्यांची काठी

देवळीत उतरून कोणाला प्रभाकरराव उत्तरवारांचं किराणा दुकान विचाराल, तर तो डोकं खाजवत बसेल. माशीमाऱ्यांचं दुकान विचारा, दारापर्यंत आणून सोडेल. फक्त दुकानात शिरल्यावर तो शब्द तोंडातून काढू नका. प्रभाकरराव तोंडावर काही बोलायचे नाहीत, पण तुम्हाला हवी असलेली तूरडाळ त्या दिवशी हटकून संपलेली निघायची. या नावानं कोणी हाक मारली आणि त्यांनी ओ दिली, असं अख्ख्या हयातीत घडलं नव्हतं. पाठीमागून कोणी शंभरदा ओरडलं तरी हा माणूस बहिरा.

नाव पडलं त्यांच्या आजोबांमुळे. गुलाबराव त्यांचं नाव, घरात सगळे आबाजी म्हणत. वाण्याच्या पोटी जन्मलेला माणूस, पण गादीवर बसून तागडी धरायची सोडून पुलगावकडच्या एका रेल्वेसाहेबामागे वर्धा नदीच्या काठी जाऊन बसायचा. बोलायला भलता कंजूष. येणाराजाणारा विचारी, "गुलाबराव, काय करून राह्यले?" आबाजी मान वर न करता म्हणत, "माश्या." झालं. 'माश्या' आबाजी म्हणाले, 'मारून राह्यलो' हे गावानं आपल्या पदरचं जोडलं. साहेब विलायतेला गेला, आबाजी देवाघरी गेले, नाव मात्र उत्तरवारांच्या बोकांडी बसलं ते बसलंच.

पण प्रभाकरराव असे हार मानणारे नव्हेत. साहेब जाताना आबाजींना एक काठी देऊन गेला होता. पुरुषभर उंचीची, खाली अंगठ्याएवढी जाड आणि वर निमुळती, मुठीला बुचाचं कवच, अंगावर तारेच्या बारीक बारीक कड्या आणि शेंड्याला पोकळ पितळी टोपी. प्रभाकररावांनी तारुण्यातच या काठीचा इतिहास रचला. साहेबावर वाघ चालून आला, आबाजी मध्ये पडले, साहेबानं खूश होऊन ही मानाची काठी दिली. कड्या कशाला? घुंगरू बांधायला. टोपी पोकळ का? सरकारी झेंडी खोवायला. वाघाचं विचारलं तर तो दर वर्षी थोडा मोठा व्हायचा.

आणि मानाची काठी म्हटल्यावर ती मानानंच वागवायला नको? दर पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून झाली की उरलेल्या डब्यातला एक हात काठीवर. मग घुंगरू, मुठीला जरीचा खण, शेंड्यात भगवी झेंडी. पोळ्याच्या तोरणाखालून सगळ्यात आधी उत्तरवारांची जोडी निघायची आणि जोडीच्या समोर काठी धरून स्वतः प्रभाकरराव, मिशांना पीळ देऊन. वर्षातला तो एक दिवस त्यांना कोणी माशीमारे म्हणत नसे. निदान त्यांना ऐकू येईल असं तरी नाही.

यंदा मात्र माशी शिंकली. समोरच्या कृषी केंद्राचे मधुकरराव पोळ्याच्या बैठकीत मारुतीच्या पारावर सगळ्यांसमोर म्हणाले, "प्रभाकरभाऊ, काठी मानाची हाय हे कोनी पाह्यलं? एखाद्या जानकाराले दाखवा न. मानाची निघाली, तं मी सोता तुमच्या समोर रस्ता झाडत चालतो. नाई निघाली, तं यंदा माही जोडी समोर."

"दाखवू न," प्रभाकरराव तावातावात बोलून गेले. "काऊन नाई दाखवू?"

घरी येईस्तोवर ताव उतरला. वर्षातला तो एक दिवस गेला तर उरलेल्या दिवसांत काय राहतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. बायकोनं, अनुसयाबाईंनी, पाण्याचा गडू समोर ठेवला आणि म्हणाल्या, "मी तं आधीपासून सांगून राह्यली, त्या वाघाले इतका मोठा करू नका."

वर्ध्याला कॉलेजात नोकरी करणाऱ्या मयुरीला, म्हणजे त्यांच्या लेकीला, फोन लागला. ती म्हणाली, "बाबा, माझ्या ओळखीत थूल सर आहेत. जुन्या काठ्यांतला त्यांच्याएवढा जाणकार जिल्ह्यात नाही. पाठवते." फोन ठेवताना पोरगी हसल्यासारखी वाटली, पण प्रभाकररावांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

अश्वजित थूल आले ते जन्माष्टमी होऊन दोन-तीन दिवस उलटल्यावर. उंच, शांत माणूस. हातातल्या पिशवीत भिंग, कापूस आणि थिनरची बाटली. चहा झाला, चिवडा झाला. प्रभाकररावांनी सहज विचारलं, "साहेब, आपण कोन्या खात्यात होते?"

"मत्स्य विभागात, काकाजी. मागच्या साली रिटायर झालो."

"मत्स्य म्हंजे..."

"मासोया."

प्रभाकररावांच्या हातातली बशी तिथंच थांबली. ज्या घरात अंडं उंबरठा ओलांडत नाही, त्या घरातल्या मानाच्या काठीला मासोयांच्या साहेबानं हात का लावावा? पण आता बोलावलं तर बोलावलं. त्यांनी देवाच्या कोनाड्याशेजारून काठी आणली, घुंगरू छुमछुमले.

थूल साहेबांनी आधी काठी नुसती न्याहाळली. मग हळूच विचारलं, "हा सोनेरी रंग कोणी दिला?"

"मीच देतो न. दर पोळ्याले."

"दर पोळ्याले," थूल साहेब म्हणाले आणि त्यांनी एक सुस्कारा सोडला. "काकाजी, डोळे मिटा आणि हिच्यावरून बोट फिरवा. गोल लागते का?"

प्रभाकररावांनी बोट फिरवलं. इतकी वर्षं रंग फासला, पण हे कधी हाताला जाणवलं नव्हतं. काठीला कंगोरे होते.

"सहा बाजू आहेत. अखंड बांबू नाही हा. सहा चिरफळ्या तासून एकमेकींना चिकटवल्या आहेत. हे काम फार नाजूक असते."

"सहा बाजू म्हंजे साहेबाच्या हाताखाली सहा तालुके असतीन," प्रभाकरराव घाईघाईनं म्हणाले.

 कापसाचा बोळा थिनरमध्ये बुडवून थूल साहेब काठी पुसू लागले. सोनेरी गेला, खाली हिरवा निघाला.

"हा हिरवा?"

"ज्या साली सोनेरी भेटला नाई."

हिरव्याखाली गुलाबी, गुलाबीखाली निळा. उत्तरवारांच्या घरचे सगळे पोळे एकापाठोपाठ एक उलटे निघू लागले. अनुसयाबाई बाजूला बसून सांगत होत्या, हा निळा मयुरी पोटात होती तेव्हाचा, हा शेंदरी आपला सोन्या बैल गेला त्या सालचा. आणि सगळ्यांत खाली, रुपयाएवढ्या जागेत, मधाच्या रंगाचा बांबू चमकला. त्यावर लाल रेशमाचा दोरा इतका घट्ट आणि सारखा गुंडाळलेला, की नखानं शोधला तरी टोक सापडेना. मुठीवरच्या धातूवर पुसट इंग्रजी अक्षरं होती. ती भिंगातून वाचून थूल साहेब खुशीत आले. "विलायतेतल्या जुन्या कारागिराची आहे. आता ते दुकानही राहिलं नसेल."

प्रभाकररावांची छाती फुगली. विलायतेची, जुनी, नाजूक कामाची. मधुकरराव झाडू घेऊन रस्त्यावर उभे असलेले त्यांना दिसू लागले.

तेवढ्यात थूल साहेबांनी काठीच्या मध्यावर, जिथं एक पितळी पट्टी होती, तिच्याभोवती थिनर फिरवला, दोन्ही हातांनी धरून सरळ ओढली आणि टप्प करून काठीचे दोन तुकडे झाले.

"बाप्पा बाप्पा," अनुसयाबाई म्हणाल्या. "मोडली."

"मोडली नाही, काकू. सुटली. ती सुटायसाठीच बनवली आहे, पिशवीत मावावी म्हणून. खरं तर तिसरा तुकडाही होता, शेंड्याचा. या टोपीत बसायचा तो."

"त्यानं सासूबाई चिंचा झोडपत," अनुसयाबाई म्हणाल्या. "तुटला मंग कधीतरी."

थूल साहेबांनी दोन्ही तुकडे मांडीवर ठेवले. "काकाजी, ही मासोया धरायची काठी आहे. या कड्यांतून दोरी जाते. इंग्रजीत हिले फ्लाय रॉड म्हणतात."

"फ्लाय म्हंजे उडनं न?" प्रभाकररावांनी शेवटची काडी पकडली. "उडती काठी?"

"फ्लाय म्हणजे इथं माशी."

 अनुसयाबाईंनी पदर तोंडाला लावला, पण खांदे हलायचे थांबेनात.

"माशी?" प्रभाकररावांचा आवाज खोल विहिरीतून यावा तसा आला.

"खोटी माशी असते. गळाले पिसं आणि दोरे बांधून बनवतात. या काठीनं ती पाण्यावर अलगद टाकायची. मासोईले वाटते, खरीच माशी पडली."

ज्या काठीच्या आधारानं माणूस आयुष्यभर माशीपासून पळाला, त्या काठीच्याच टोकाला माशी बसलेली निघाली. दैवाची गंमत म्हणावी ती हीच. प्रभाकरराव भिंतीला टेकले. आता पारावर जाऊन काय सांगायचं? मानाची काठी म्हणून जे मिरवलं ते माशी मारायचं हत्यार होतं? देवळी काय, पार पुलगावपर्यंत लोक हसतील.

"आन किंमत?" त्यांनी उगाच विचारलं. नुकसान किती झालं ते तरी कळावं.

"शेंडा असता आणि अंगावर हे सगळे पोळे नसते, तर हौशी माणसानं एखादी मोटरसायकल येईल इतके दिले असते. आता," थूल साहेब जरा थांबले, "त्या मोटरसायकलीचा आरसा येईल."

मग प्रभाकररावांनी सगळं सांगून टाकलं. पार, पैज, मधुकरराव, तो एक दिवस. वाघाचंही खरं सांगितलं. वाघ कोणी पाहिला नव्हता. थूल साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, हसले नाहीत.

"काकाजी, मी सांगतो पारावर. विलायती काठी आहे, जुनी आहे, दुर्मिळ आहे, साहेबानं प्रेमानं दिली आहे. यात खोटं काही नाही. मासोईचं नाव मी काढत नाही."

प्रभाकररावांचे डोळे लकाकले. आली की हाती गेलेली बाजी. साहेबाचा हात धरून ते उठणार, इतक्यात अनुसयाबाई म्हणाल्या, "थांबा जरा." मघापासून त्या हसायच्या थांबल्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर भलतीच काळजी आली होती. "गळाले पिसं आन दोरे बांधतात म्हनले न तुमी?"

"हो."

त्या देवघरात गेल्या आणि तबकात बाळकृष्ण घेऊन आल्या. जन्माष्टमीचा साज अजून अंगावर होता. मुकुटावर चार-पाच चिमुकले तुरे, मोरपिशी, तांबडे, पिवळसर, प्रत्येक नखाएवढा. "आबाजींच्या डबीतले तुरे हायेत हे. या घरात आली तवापासून मीच लावतो देवाले. मांगं आकडा हाय बारीक, मुकुटाच्या जाळीत बरोबर बसते. मले वाटे, देवासाठीच बनवले."

थूल साहेबांनी एक तुरा अलगद सोडवून तळहातावर घेतला. बोटानं तो उलटसुलट करून पाहत राहिले. अनुसयाबाईंचा धीर सुटला. "हे कोंबड्याचं पीस हाय का हो?"

"रानकोंबड्याचं, काकू."

"आन हा आकडा?"

"गळ."

अनुसयाबाई मटकन खाली बसल्या. चातुर्मासात लसूण वर्ज्य करणारी बाई. दर जन्माष्टमीला देवाच्या डोक्यावर मासोईचा गळ खोचत होती, तोही कोंबड्याचं पीस लावून. प्रभाकरराव स्वतःचं दुःख विसरून बायकोकडे पाहू लागले. आता ही रडणार की उपास धरणार, याचा अंदाज येईना.

बाईंनी बाळकृष्णाकडे पाहिलं. तो रांगता रांगता लोणी खात होता, नेहमीसारखाच. मग त्या पदरानं कपाळ पुसून म्हणाल्या, "त्याले तं सारं माहीत होतं न. कधी काई बोलला नाई. आन याचा पयला अवतारच मासोईचा." एवढं म्हणून त्यांनी विषय देवाच्या बाजूनं कायमचा मिटवला.

थूल साहेब अजून तळहाताकडेच बघत होते. भिंग लावलं, उजेडाकडे सरकले. "काकाजी, इकडे या. ही पिवळी चमक दिसते? ही काय आहे, ओळखा बरं."

प्रभाकररावांनी भिंगातून पाहिलं. दुकानात जरीचे गोंडे विकून डोळे सरावलेले होते. "ही तं झुलीची जर हाय. बैलाच्या झुलीची."

"आणि हे काळे केस?"

"शेपटीचे. बैलाच्या शेपटीचे." प्रभाकररावांनी मान वर केली.

"विलायतेतल्या कारागिराकडे पोळ्याच्या झुलीची जर कुठून येईल? गळ तेवढा साहेबाचा. बाकी इथलं आहे. इथंच कोणी नदीवर बसून हे बांधलं आहे. आणि काय हात आहे, काकाजी. मी स्वतः इतकी वर्षं बांधतो, मले असं जमत नाही. काठीचं सोडा. अशी काठी कुठं ना कुठं विकत मिळेल. ह्या माश्या कुठंच मिळणार नाहीत."

ह्या माश्या. प्रभाकररावांच्या कानात शब्द पडला आणि तिथंच घुमत राहिला. गुलाबराव, काय करून राह्यले? माश्या. म्हातारा खरंच सांगत होता की. इतकं सरळ उत्तर दिलं माणसानं आणि सगळ्या गावानं त्याला आळशी ठरवलं. गावाचं जाऊ द्या, नातवानंही ठरवलं. प्रभाकररावांना आबाजींची बोटं आठवली. ओसरीवर बसल्या बसल्या ती बोटं सारखी काहीतरी वळत असायची, दोरा नसला तर नुसती हवा. पोरवयात त्यांना त्याची लाज वाटे. आता त्यांनी तो तुरा स्वतःच्या तळहातावर घेतला.

"मंग, येऊ ना पारावर?" थूल साहेबांनी विचारलं. "मासोईचं नाव काढत नाही म्हटलं मी."

प्रभाकररावांना तिढा लख्ख दिसला. काठी मानाची राहिली तर आपण समोर चालणार, आणि आबाजी गावाच्या तोंडी कायमचे रिकामे बसलेले राहणार. आबाजींचं काम सांगायचं तर मान गेला. दोन्ही एकदम तागडीत बसत नव्हतं. उभ्या जन्मात एवढं अवघड वजन त्यांनी केलं नव्हतं.

"चला," ते म्हणाले. "पन बोलनार मी."

पारावर मधुकरराव पान लावून तयारच बसले होते. भोवती पोळ्याची सगळी मंडळी. प्रभाकररावांनी काठीचे दोन तुकडे समोर ठेवले आणि लोक पुढं सरकले.

"मधुकरभाऊ, मानाची काठी नाई हे. मासोया धरायची हाय. वाघ-बिघ काई नव्हता. यंदा तुमची जोडी समोर."

मधुकररावांनी पान चावायचं थांबवलं. इतक्या सहज जिंकायची त्यांची तयारी नव्हती.

"आन अजून एक गोठ," प्रभाकररावांनी रुमालातून तो चिमुकला तुरा काढला. "आमचा आबाजी माश्या मारत नव्हता. माश्या बनवत होता. हे पाहा. झुलीच्या जरीची माशी. साहेब मासोया धरे ते आबाजीच्या भरवशावर."

तुरा या हातातून त्या हातात फिरला. कोणी फुंकर मारली, पिसं जिवंत असल्यासारखी थरथरली. कोणी हसलं, पण ते हसणं वेगळं होतं. मधुकररावांनी चष्मा वर करून किती तरी वेळ पाहिलं, आणि परत देताना म्हणाले, "बोट टोचते हो." एवढंच.

पोळ्याच्या दिवशी मधुकररावांची जोडी तोरणाखाली पहिली उभी राहिली. नवी झूल, नवी बाशिंगं, शिंगांना चकचकीत बेगड. प्रभाकरराव आपली जोडी घेऊन पार मागे, शेवटून दुसरे. हातात काठी होती, पण घुंगरू नाहीत, झेंडी नाही. रंग धुऊन काढलेली, मधाच्या रंगाची. थूल साहेबांनी येऊन शेंड्याची सोय केली होती आणि कड्यांतून दोरी ओवली होती. टोकाला गळाची अणी काढून टाकलेली एक माशी.

कोणीतरी म्हणालं, जरा दाखवा न कसं करतात. प्रभाकररावांनी थूल साहेबांकडून शिकलेला झटका दिला. पहिल्यांदा दोरी बैलाच्या शिंगात अडकली. दुसऱ्यांदा त्यांच्याच टोपीत. तिसऱ्यांदा मात्र दोरी हवेत लांबच लांब उलगडत गेली आणि माशी मोकळ्या जागेतल्या धुळीत अलगद उतरली. बैलानं कान हलवला. मग पोरंटोरंच काय, म्हातारेकोतारेही मागे येऊन दाटीनं उभे राहिले.

पुढं झडत्या, म्हणजे पोळ्याची चढाओढीची गाणी, सुरू झाल्या होत्या. झडती म्हणायचा मान पहिल्या जोडीचा. मधुकररावांनी छाती भरून आवाज लावला,

"काठी कशाची, बांबूची, माशी कशाची, जरीची,
गावानं हसून घालवली, मेहनत म्हाताऱ्याची..."

आणि सगळ्यांनी 'हर बोला' म्हटलं, पण आवाज सगळा मागून आला. मधुकररावांनी वळून पाहिलं. त्यांच्या नव्या झुलीपाशी चिटपाखरू नव्हतं. अख्खा पोळा मागच्या टोकाला जमला होता.

त्यांनी बैलाची वेसण सोडली. मग दोन्ही हात तोंडाशी नेऊन, जुनी हाक त्यांनी सगळ्या पोळ्यावरून मारली.

"ओ माशीमारे, तिथं काय करून राह्यले? या न समोर."

सगळे एकदम वळून प्रभाकररावांकडे पाहू लागले. अनुसयाबाई हातातलं पूजेचं ताट घट्ट धरून उभ्या राहिल्या.

प्रभाकररावांनी दोरी गुंडाळली, मिशीला पीळ दिला.

"ओ," ते म्हणाले. "आलो."